आतड्याच्या कॅन्सरमधील जनुकीय चाचण्या : रुग्ण आणि नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात घरात नवे शब्द येतात : के-रास, एमएमआर, एनजीएस, ब्लॉक, पॅनेल. प्रत्येक शब्दामागे एक बिल असतं आणि निर्णय घ्यायला वेळ कमी असतो. कुठली चाचणी खरंच लागते, कुठली थांबू शकते आणि कुठली फक्त रुग्णाची नसून सगळ्या घराची असते, हे कळावं म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. औषधांचा अंतिम निर्णय अर्थातच तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचा.

बायोप्सीत कॅन्सर असल्याचं कळलंच आहे. मग आणखी जनुकीय चाचणी कशासाठी?

साधी बायोप्सी सांगते की गाठ कॅन्सरची आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती कशी दिसते. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी औषधाला मात्र अगदी वेगळा प्रतिसाद देतात. एकीवर लाखो रुपयांचं औषध काम करतं, दुसरीवर तेच औषध वाया जातं, कधी अपायही करतं. हा फरक पेशीतल्या जनुकांमध्ये असतो, म्हणून तिथे बघावं लागतं. शिवाय काही थोड्या रुग्णांत याच तपासणीतून कळतं की आजाराचं मूळ जन्मापासूनच शरीरात होतं आणि भावंडांना, मुलांनाही तपासायला हवं.

रिपोर्टमध्ये म्युटेशन आहे असं लिहिलंय. म्हणजे हा आजार माझ्या मुलांनाही होणार?

बहुतेक वेळा नाही. सर्वांत जास्त घबराट याच गोष्टीने होते, म्हणून नीट समजून घ्या. म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, दोन प्रकारची असतात. एक फक्त गाठीत असतं. आयुष्यभरात आतड्याच्या एखाद्या पेशीत झालेला तो बदल शरीरात इतरत्र कुठेही नसतो आणि मुलांकडे जात नाही. गाठीत सापडणारे के-रास, एनरास, बीरॅफ या जनुकांतले बदल याच प्रकारचे. दुसरं जन्मजात असतं. ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं, शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतं.

आतड्याच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के ठळकपणे आनुवंशिक असतात. वय कमी असेल तर हे प्रमाण वाढतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या १६ टक्के रुग्णांत जन्मजात बदल सापडले. आपल्याकडे याकडे अधिक लक्ष द्यायला हवं, कारण भारतात हा आजार तुलनेने तरुण वयात दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या नोंदींत सरासरी वय ४७ च्या आसपास होतं.

एकच चाचणी परवडणार असेल तर कोणती करावी?

एमएमआर, म्हणजे ‘मिसमॅच रिपेअर’ची चाचणी. माझं मत यात ठाम आहे : आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची, कुठलीही स्टेज असो, कुठलंही वय असो, ही चाचणी पहिल्या बायोप्सीवरच व्हावी. ती काही हजारांत होते आणि तिच्यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

पेशी विभागली जाताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. या चुका शोधून दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखं त्यांचं काम. ती गैरहजर असली की चुका साचत जातात. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या पातळ कापावर रंग देऊन ही चारही प्रथिनं आहेत का ते बघतात. चारही असतील तर रिपोर्टमध्ये ‘एमएमआर प्रोफिशियंट’ असं येतं, एखादं नसेल तर ‘एमएमआर डेफिशियंट’. हीच गोष्ट डीएनएवर तपासली तर तिला एमएसआय चाचणी म्हणतात आणि ‘एमएसआय-हाय’चा अर्थ साधारण ‘डेफिशियंट’सारखाच असतो. रिपोर्टमध्ये एखाद्या प्रथिनापुढे ‘निगेटिव्ह’ दिसलं की काही जण सुटकेचा श्वास सोडतात. तसं करू नका. इथे निगेटिव्ह म्हणजे ते प्रथिन गाठीत नाही, आणि तीच महत्त्वाची बातमी असते.

सगळ्या स्टेज मिळून सुमारे १५ टक्के गाठी डेफिशियंट असतात, चौथ्या स्टेजमध्ये ४ ते ५ टक्केच. पण त्या रुग्णांचा उपचार पूर्ण बदलतो. दुसऱ्या स्टेजला अशी गाठ असेल तर शस्त्रक्रियेनंतरचा अंदाज चांगला असतो आणि फक्त ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं देऊन फायदा होत नाही, त्यामुळे बऱ्याचदा केमो टाळता येते. चौथ्या स्टेजला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं) औषध केमोपेक्षा सरस ठरलं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ केमोवर ८.२ महिने होता, पेम्ब्रोलिझुमॅबवर १६.५ महिने. गुदाशयाच्या बाबतीतली बातमी तर आणखी मोठी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात अशा गाठी असलेल्या रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं गेलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ रुग्णांचे निकाल आले आणि बाराही जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली होती. शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही, पोटावर पिशवी नाही.

म्हणूनच गुदाशयाच्या रुग्णांनी रेडिएशन सुरू होण्याआधीच विचारावं, ‘एमएमआर झालंय का?’ नंतर गाठ उरतेच थोडी, शिवाय उपचारांमुळे एमएसएच६ चा रंग फिका येऊन रिपोर्ट फसवू शकतो. इम्युनोथेरपी महाग आहे, एका डोसची किंमत लाखांत जाते, हे खरं. तरी हा पर्याय आपल्याला आहे की नाही हे ठाऊक असणं हा रुग्णाचा हक्क आहे.

एमएमआर डेफिशियंट म्हणजे आनुवंशिकच ना?

नाही, पण शंका घेण्याइतकं कारण नक्की असतं. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी गायब असेल तर पुढे बीरॅफचा व्ही६००ई बदल किंवा एमएलएच१ चं मिथायलेशन (रासायनिक खुणेने जनुक बंद पडणं) तपासतात. यांपैकी काही सापडलं तर बहुतेक वेळा तो वयानुसार फक्त गाठीत झालेला बदल असतो. सापडलं नाही, किंवा एमएसएच२, एमएसएच६ नसतील, किंवा एकटंच पीएमएस२ नसेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची रक्तचाचणी करायला हवी. अनेक फाइलींमध्ये पहिला रिपोर्ट असतो आणि पुढची पायरी राहून जाते. केमोच्या धावपळीत ते होतं, पण नुकसान अख्ख्या कुटुंबाचं होतं.

के-रास, एनरास, बीरॅफ कशासाठी बघतात?

मुख्यतः चौथ्या स्टेजसाठी. सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही औषधं पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर नावाचा, वाढीचा संदेश घेणारा रिसेप्टर बंद करतात. के-रास किंवा एनरासमध्ये बदल असेल तर त्या रिसेप्टरच्या खालची संदेशांची साखळी कायम चालूच राहते, मग वरून अडवून उपयोग होत नाही. २००८ मध्ये हे स्पष्ट झालं आणि तेव्हापासून ही चाचणी केल्याशिवाय ही औषधं देऊ नयेत असा नियमच झाला. साधारण ४० टक्के गाठींत के-रासचा बदल असतो, एनरासचा ३ ते ५ टक्क्यांत. सुरुवातीला के-रासचे फक्त १२ आणि १३ हे कोडॉन (जनुकातली ठरावीक ठिकाणं) बघत. आता ६१, ११७, १४६ हेही आणि एनरासही बघावं लागतं. जुना रिपोर्ट असेल तर त्यात काय काय तपासलं होतं ते वाचा. ‘वाइल्ड टाइप’ लिहिलं असेल तर बदल सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बदल नसला तरी गाठ कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व आहे. डाव्या बाजूच्या गाठींत ही औषधं चांगली चालतात, उजव्या बाजूच्या गाठींत सुरुवातीच्या उपचारात फारशी नाहीत.

बीरॅफ व्ही६००ई ८ ते १० टक्के रुग्णांत असतं आणि हा आजार जोरकस असतो, पण त्यावर आता एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅबची जोडी आहे. के-रासमधल्या जी१२सी या एका बदलावर अ‍ॅडाग्रासिब आणि सोटोरासिब ही औषधं आली आहेत. असा बदल शंभरात तिघा-चौघांतच असतो. एचईआर२ आणि एनटीआरके या जनुकांतले बदलही विरळ, पण सापडले तर उपयोगाचे. परदेशात मंजुरी मिळालेलं प्रत्येक औषध आपल्याकडे लगेच मिळेलच असं नाही. त्यामुळे चाचणीआधीच डॉक्टरांना विचारा : ‘हे सापडलं तर आपण काय वेगळं करणार?’

मग एकदमच मोठं पॅनेल केलेलं बरं नाही का?

चौथ्या स्टेजला, पुढच्या उपचारांची तयारी असेल आणि खर्च झेपत असेल, तर एनजीएस पॅनेल (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारी चाचणी) सोयीचं असतं. एकाच नमुन्यात अनेक जनुकं होतात, ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) वाचतो. पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजला, शस्त्रक्रिया पूर्ण झाली असताना, शेकडो जनुकांच्या पॅनेलवर दागिना मोडू नका. त्या रिपोर्टमधल्या बहुतेक ओळींवर आज कुठलंच औषध नाही. तिथे एमएमआर पुरतं.

यासाठी पुन्हा बायोप्सी करावी लागते का?

सहसा नाही. पहिल्या बायोप्सीचा किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याचा तुकडा मेणात बसवलेला असतो, तोच ‘ब्लॉक’. पॅथॉलॉजी लॅबला लेखी अर्ज दिला की ब्लॉक मिळतो. पोच घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का बघा आणि चाचणी झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागा. पुढे दुसरी चाचणी लागली तर तोच कामी येतो.

यातली खरी गडबड ब्लॉक बनण्याआधीच्या टप्प्यावर होते. लहान गावात शस्त्रक्रिया झाली की काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोचवायला सांगतात. बरणीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन असायला हवं, तेही तुकडा पूर्ण बुडून वर राहील इतकं. फॉर्मलिनमध्ये नमुना साधारण ६ ते ७२ तास राहणं योग्य. कमी राहिला तर आतला भाग सडतो, दिवसेंदिवस तसाच पडून राहिला तर डीएनए तुटतो. एसटीत बरणी पायाशी ठेवून नेणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही, आणि महिन्याभराने लॅब कळवते की ‘नमुना चाचणीयोग्य नाही’. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा की नमुना कुठे जाणार, कोण नेणार, किती वाजेपर्यंत लॅब उघडी असते.

रक्तातूनही म्युटेशन कळतं म्हणतात. ते पुरेसं आहे का?

रक्ताच्या दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत. जन्मजात बदल शोधायची चाचणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर होते, काही लॅब लाळेवरही करतात. दुसरी लिक्विड बायोप्सी. गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे ती शोधते. ब्लॉक नसेल, खराब झाला असेल, किंवा उपचारांनंतर गाठीने नवं रूप घेतलंय का हे बघायचं असेल, तर ती उपयोगी पडते. पण गाठ रक्तात पुरेसे तुकडे सोडत नसेल तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. कॅन्सर आहे की नाही हे ठरवायला लिक्विड बायोप्सी वापरू नये. तिथे कोलनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सीला पर्याय नाही.

केमोआधी डीपीवायडी चाचणी करून घेऊ का?

विचारा, जरूर विचारा. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन शरीरातून निकामी करणारं डीपीडी नावाचं एन्झाइम डीपीवायडी जनुकावर अवलंबून असतं. ते कमी असलेल्या व्यक्तीला नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो : तोंडभर फोड, न थांबणारे जुलाब, पांढऱ्या पेशी कोसळणं. युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून उपचाराआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा. नेहमीच्या चाचणीतले बदल मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेले आहेत, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी पहिल्या केमोनंतर जुलाब किंवा ताप आल्यास रात्रीच फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. इरिनोटेकान या केमोच्या दुसऱ्या औषधासाठी यूजीटी१ए१ ही अशीच चाचणी आहे.

लिंच सिंड्रोम म्हणजे नेमकं काय?

दुरुस्तीची ती चार प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी एखाद्यात, किंवा शेजारच्या ईपीकॅम या जनुकात, जन्मजात बिघाड. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची नोंद १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशाच कुटुंबांवर लिहिलं आणि पुढे वॉर्थिन यांच्या कुटुंबाचा माग पुन्हा घेतला. १९९३-९४ मध्ये जनुकं सापडली. त्या बाईचं ऐकून घेणारा डॉक्टर होता म्हणून ही वाट सुरू झाली. घरातली आजी ‘आमच्याकडे पोटाचं दुखणं सगळ्यांनाच’ म्हणते तेव्हा तेही लिहून घ्यावं.

पाश्चात्त्य अंदाजानुसार साधारण ३०० माणसांत एकाला लिंच असतो आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. आतड्याशिवाय गर्भाशयाचं अस्तर, बीजांडकोश, जठर, लहान आतडं, मूत्रवाहिनी यांच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. स्त्रियांत तर कधी गर्भाशयाचा कॅन्सर आधी येतो. म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लाजून गप्प बसू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.

एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये जन्मजात बिघाड असेल तर वयाच्या २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलनोस्कोपी. एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये थोडं उशिरा, तिशी ते पस्तिशीपासून. फिनलंडमध्ये १५ वर्षं केलेल्या पाहणीत नियमित कोलनोस्कोपी करणाऱ्या लिंच कुटुंबीयांत आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. अ‍ॅस्पिरिनचाही उपयोग दिसला आहे : लिंच असलेल्या ८६१ जणांवरच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना पुढच्या वर्षांत हा कॅन्सर कमी झाला. पण रक्तस्राव आणि अल्सरचा धोका बघून डोस डॉक्टरच ठरवतील.

घरातल्या कुणाकुणाची तपासणी करायची?

आधी रुग्णाची. त्यात नेमका बदल सापडला की नातेवाइकांना फक्त तेवढाच बदल तपासावा लागतो आणि ती चाचणी पुष्कळ स्वस्त पडते. भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, प्रत्येकाला बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के. पुढे काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची मुलं.

वंशावळ विचारली की आपल्याकडे लोक वडिलांकडची चार नावं सांगतात आणि थांबतात. आडनाव, कुलदैवत वडिलांकडून येत असलं तरी जनुकं निम्मी आईची असतात. आजोळचे आजार तितकेच महत्त्वाचे. आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीला, आत्याला कळवायचं राहून जातं. तिचा धोका लग्नाने कमी होत नाही, तिच्या मुलांचाही नाही.

लहान मुलांची चाचणी करावी का?

लिंचसाठी १८ वर्षांआधी नाही. एफएपी या दुसऱ्या आनुवंशिक आजारात मात्र हो. एपीसी जनुकातल्या बिघाडाने आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणारे छोटे कोंब) येतात आणि आतडं वेळेत काढलं नाही तर कॅन्सर जवळजवळ अटळ असतो, म्हणून वयाच्या १० ते १२ व्या वर्षापासून तपासणी सुरू होते. यातल्या साधारण पाव भाग रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. त्याचा काही संबंध आहे का?

लिंच आणि एफएपीमध्ये एकाच पालकाकडून आलेला बदल पुरतो, तिथे नात्यातल्या लग्नाने फारसा फरक पडत नाही. पण एमयूटीवायएच जनुकाचा आजार आई आणि वडील अशा दोघांकडून बदल आला तरच होतो आणि नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. आई-वडील ठीक, पण भावंडांपैकी एकदोघांना चाळिशीत पॉलिप, असं चित्र असेल तर हे जनुक तपासायला सांगा. आणखी एक गंभीर गोष्ट : नवरा-बायको दोघांकडेही एकाच एमएमआर जनुकात बदल असेल तर प्रत्येक मुलाला दोन्ही बदल मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलांना बालपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर होतात. अंगावर दुधी कॉफीच्या रंगाचे डाग हे त्याचं एक लक्षण. लिंच असलेल्या घरात नात्यात सोयरीक जुळत असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला (जेनेटिक कौन्सेलरला) भेटा.

मुलीचं लग्न व्हायचंय. रिपोर्ट बाहेर कळला तर?

ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणं मला पटत नाही. रिपोर्ट गोपनीय असतो, तो रुग्णाच्या परवानगीशिवाय डॉक्टर नातेवाइकांनाही देत नाहीत. कुणाला, कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि सज्ञान मुलीच्या बाबतीत तो निर्णय तिचा, आई-वडिलांचा नाही. मात्र लपवण्यासाठी तिची कोलनोस्कोपी पुढे ढकलू नका. पंचविशीत तपासणी करणाऱ्या मुलीचा पॉलिप अर्ध्या तासात काढून होतो.

‘व्हीयूएस’ आलंय. याचं काय करायचं?

काहीच नाही, तूर्तास. बदल सापडला आहे, पण तो अपायकारक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये आणि नातेवाइकांची तपासणीही करू नये. भारतीयांत हा शेरा जास्त दिसतो, कारण तुलनेसाठीची माहिती मुख्यतः पाश्चात्त्य लोकांची आहे. जिनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जिनोम वाचले गेले आहेत, त्यामुळे हे चित्र सुधारेल. दर एक-दोन वर्षांनी लॅबला विचारा, वर्गीकरण बदललं का?

माझी चाचणी निगेटिव्ह आली. सुटलो का?

घरात ठरावीक बदल सापडलेला असेल आणि तो तुमच्यात नसेल, तर हो, त्या बाबतीत तुमचा धोका इतर सामान्य माणसांइतकाच. घरात बदल सापडलेलाच नसेल तर तुमच्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. तिथे कुटुंबाच्या इतिहासावरूनच तपासणी ठरते. आणि शौचावाटे रक्त गेलं तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिनोन्महिने काढू नका, जनुकीय रिपोर्ट काहीही सांगो.

इन्शुरन्सचं काय?

विमा नियामक आयआरडीएआयने २०१८ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलं की जनुकीय विकार म्हणून दावे नाकारू नयेत आणि नव्या पॉलिसीत तो अपवाद घालू नये. जीवन विम्याचे प्रश्न वेगळे असतात. फॉर्मवर जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या, नाही तर पुढे दावा अडतो. तुमची भावंडं अमेरिकेत असतील तर तिथला २००८ चा ‘जिना’ हा जनुकीय भेदभावाविरुद्धचा कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, जीवन विम्याला तो लागू नाही. चाचणीआधी त्यांना हे सांगा.

समुपदेशकाला भेटायला जाताना काय न्यावं?

बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, एमएमआरचा रिपोर्ट, ब्लॉक नंबर आणि तीन पिढ्यांची यादी : कोण, नातं काय, कुठला कॅन्सर, साधारण कितव्या वर्षी. ‘पोटात गाठ होती’ एवढंच माहीत असेल तर तेवढंच लिहा. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. इतर शहरांतल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत अशी सेवा आहे का ते आधी फोनवर विचारा. शक्य असेल तर घरातलं एक वडीलधारं माणूस सोबत न्या. कुणाचं काय दुखणं होतं हे त्यांनाच आठवतं.